सुटला की चिकटत नाही

दुपारी बाराच्या सुमारास बारामतीहून निघालो की काटेवाडीपर्यंत गाडीत बर्फ. भवानीनगरला साखर कारखान्याची चिमणी दिसेपर्यंतही तक्रारीला जागा नाही. मग सणसर आणि बेलवाडीच्या मध्ये कुठेतरी तोंडावर येणारा वारा कोमट व्हायला लागतो, लासुर्ण्यापर्यंत तो बाहेरच्या हवेइतका होतो आणि निमगाव केतकीत काचा खाली. इंदापूरपर्यंतचा हा साधारण ५० किलोमीटरचा रस्ता. तुकोबांची पालखी जाते ती हीच वाट. वारकरी ती पायी तुडवतात; मी मात्र एप्रिलमध्ये, एसीच्या गाडीत बसून, त्यांच्याहून जास्त घाम गाळत होतो. आणि गंमत अशी की संध्याकाळी परतताना, कुणी हातही लावलेला नसताना, तोच एसी पुन्हा गार.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. दोन्हीकडे बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार होतं: गॅस कमी झालाय. एकदा भरूनही घेतला. चार दिवस बरं वाटलं, कारण त्या चार दिवसांत आभाळ होतं. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि बेलवाडीला वारा पुन्हा कोमट.

तेव्हा आधी गॅसचंच बघू. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, संपत नाही. बंद नळ्यांच्या चक्रात तोच तो फिरत राहतो. गेली काही दशकं बहुतेक गाड्यांत ‘आर १३४ ए’ नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. उकळायला त्याला उष्णता लागते आणि ती तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. गारवा म्हणतात तो एवढाच. उकळून वायू झालेला हा ऐवज कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो, एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळतो. गळती असेल तरच तो कमी होतो. आणि कमी झालेला गॅस सकाळ-संध्याकाळ बघत नाही. उन्हात जातो, तिन्हीसांजेला परत येतो, असं त्याचं वागणं नसतं.

‘प्रेशर बघितलं, बरोबर आहे’ हेही वाक्य जपून घ्यावं. गाडी बंद असताना ३५ अंशांच्या हवेत या गॅसचा दाब साधारण ११५ पीएसआय भरतो. पण नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच. घरचा सिलिंडर आठवा. अर्धा झाला तरी शेगडीची ज्योत तशीच असते, म्हणून तो हलवून, उचलून बघावा लागतो. एसीतला गॅस किती आहे हे खरं कळतं ते तो सगळा काढून वजन केल्यावरच.

शेवटी भिगवण रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका वायरमनकडे गेलो. ट्रॅक्टरचे सेल्फ, ट्रकचे दिवे, पिकअपच्या बॅटऱ्या असलं काम त्यांच्याकडे जास्त. शेडसमोर दोन-तीन ॲपे उभ्या होत्या. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात या तीनचाकी तयार होतात, त्यामुळे इथे त्या घरच्याच. प्रवासी ॲपेला एसीचं दुखणं नाही; चारी बाजूंनी वारा.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, “बंद होतो म्हणजे काय होतं? हळूहळू जातो का झटक्यात? पंखा चालू राहतो का? गाडी थांबल्यावर जातो का पळताना? गरम झाल्यावर बटण बंद करून परत चालू केलं तर येतो का?”

या प्रश्नांची उत्तरं देताना मला कळलं की मी दोन महिने तक्रार करत होतो, पण बघितलं काहीच नव्हतं. गाडीच्या विजेच्या दुखण्यात अर्धं निदान या प्रश्नांतच असतं. उदाहरणार्थ, वाराच येत नसेल तर कॉम्प्रेसरकडे बघायचं कारणच नाही. तो ब्लोअरचा विषय. त्यातही ब्लोअर एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर एकदम धडधडत असेल, तर मीटर काढायचीही गरज नाही. खालच्या वेगांना वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि चौथ्या वेगाला ती थेट मोटारीला मिळते. मोटार चांगली आहे हे चारने सिद्ध केलं. रेझिस्टर जळाला हे एक-दोन-तीनने. (ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखलं जातं त्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही युक्ती चालत नाही.) पळताना गार आणि बारामतीत भिगवण चौकात सिग्नलला थांबलं की गरम, असं असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरत नसणार. पळताना पंख्याचं काम समोरचा वारा करतो.

माझी तक्रार यातल्या कशातच बसत नव्हती. वारा पूर्ण येत होता आणि गारवा जायचा तो गाडी ऐंशीने पळत असताना. मी म्हटलं, “हळूहळू जातो, पण एकदा गेला की ऊन उतरेपर्यंत येत नाही.”

“म्हणजे सुटतो, पण परत चिकटत नाही,” ते म्हणाले.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन चालू असेपर्यंत त्याची पुली फिरतच असते, पण आतला दट्ट्या तेव्हाच हलतो जेव्हा पुलीसमोरची एक पोलादी चकती तिला चिकटते. चिकटवतं ते एक विद्युतचुंबक. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. तिला १२ व्होल्ट दिले की ‘टिक्’ असा आवाज होऊन चकती ओढली जाते. वीज काढली की स्प्रिंग तिला मागे खेचते. याला मॅग्नेट क्लच म्हणतात. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून दिला, त्यात हा क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे. चुंबकाच्या त्या टिक्‌मागे किती सोय दडली आहे ते यावरून कळतं. आणि सोयीबरोबर दुखणंही आलं, कारण त्या चुंबकापर्यंत वीज पोचवायला आता एक मोठी साखळी लागते.

डॅशबोर्डवरचं एसीचं बटण थेट क्लच चालू करतं अशी माझी समजूत होती. तसं नाही. बटण म्हणजे फक्त अर्ज. आमच्याकडे कारखान्यात उसाची नोंद केली म्हणजे तोड आली असं होत नाही. मधे चिटबॉय, गट ऑफिस, पाळीपत्रक असतं. इथेही तसंच. कूलिंग कॉइलवरचा छोटा सेन्सर सांगतो की तिथे बर्फ धरायला आलेलं नाही. ब्लोअर चालू आहे याची खात्री होते. गॅसच्या नळीवरचा प्रेशर स्विच सांगतो की दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेलेला नाही, म्हणजे गॅस पूर्ण गळालेला नाही. आणि साधारण ४५० च्या वर चढलेला नाही, म्हणजे काही फुटायची भीती नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर बघतो की इंजिन तापलेलं नाही आणि तुम्ही ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला नाही. दिवे घाटात ट्रक ओलांडताना क्षणभर एसी गेल्यासारखा वाटतो, त्यात बहुधा हाच हिशेब असतो. सगळा जोर चाकांना मिळावा म्हणून कॉम्प्रेसरला थोडी रजा. एवढ्या सगळ्यांनी होकार दिला की रिलेला हुकूम जातो, रिले बॅटरीची वीज फ्यूजमार्गे क्लचकडे सोडतो, आणि कॉइलमधून निघालेली वीज बॉडीच्या अर्थमधून बॅटरीकडे परतते.

या साखळीत एक कडी तुटली तरी बाहेर दिसणारं लक्षण एकच: गरम वारा. म्हणून तर ‘गॅस भरा’ हे उत्तर इतकं सोपं पडतं.

तपासणी त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवली. “आत्ता गार आहे, आत्ता मी काय बघू? आजारी असताना आणा.” या वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी साडेबाराला गाडी लासुर्ण्यापर्यंत नेली, गरम वारा सुरू झाला तशी वळवून, इंजिन बंद न करता, शेडमध्ये आणून उभी केली.

पहिलं काम ऐकण्याचं. इंजिन चालू, एसी चालू, आणि ते बॉनेटपाशी कान देऊन उभे. पुली फिरत होती, चकती स्तब्ध. टिक् नाही. म्हणजे गॅस फिरतच नव्हता. आत कितीही भरला असता तरी.

मग प्रश्न असा की वीज क्लचपर्यंत येत नाही, की येऊनही चुंबक ओढत नाही? हा साखळीचा मध्य. निम्म्यात तोडून बघितलं की अर्धी साखळी एका फटक्यात सुटते; टोकापासून एकेक कडी मोजत बसलं तर दिवस जातो. त्यांनी इंजिन बंद केलं, क्लचच्या वायरचा कपलर सोडला, चावी चालू करून पुन्हा इंजिन लावलं, आणि वायरकडच्या दोन पिनांना मीटर लावला. १३.८ व्होल्ट. अल्टरनेटर देतो तेवढे पूर्ण.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, करंट तर येतोय, मग कॉइल गेली, कॉम्प्रेसर बदला. हजारोंचा खर्च इथे ठरतो. माझ्याही तोंडात तेच होतं. ते हसले आणि खिशातून एक जुना हेडलाइटचा बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. तो त्याच दोन पिनांना लावला. बल्ब पेटला, पण पिवळट, आजाऱ्यासारखा.

मीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. इंदापूर तालुक्यात ज्याच्या उसाला ठिबक आहे त्याला हे लगेच कळेल. ठिबकच्या फिल्टरला आत आणि बाहेर अशी दोन प्रेशर गेज असतात. फिल्टर गाळाने भरला, पण पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत, तर दोन्ही गेज सारखाच दाब दाखवतात. पाणी वाहतच नाही, मग अडथळा अडवणार काय? व्हॉल्व्ह उघडा, पाणी धावू द्या, की लगेच बाहेरचं गेज खाली पडतं. दोन गेजमधला फरक म्हणजे फिल्टरमधला गाळ. वायरीचंही तेच. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून दाब बघितल्यासारखं ते. धागाभर तांबं जरी जोडलेलं राहिलं असेल तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवील. बल्ब मात्र करंट ओढतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो, आणि मग गाळ दिसतो. विहिरीवरच्या मोटारीचंही शेतकऱ्याला माहीतच असतं: स्टार्टरवर व्होल्टेज छान दिसतं, बटण दाबलं की धाडकन पडतं.

एक सावधगिरी त्यांनी लगेच सांगितली. हा बल्ब जाड वायरींसाठी. कॉम्प्युटरच्या बारीक वायरींना तो लावला तर कॉम्प्युटरच जाऊ शकतो. आणि पिवळे कपलर दिसले तर ते सहसा एअरबॅगचे. तिथे बल्बही नाही आणि मीटरही नाही.

आता गाळ कुठे आहे ते शोधायचं. कपलर परत जोडला, म्हणजे क्लचची कॉइल आपला करंट ओढू लागली, आणि कपलरच्या पाठीमागून, वायर जिथे आत शिरते तिथून, मीटरची बारीक सुई घातली. आधी जाणारी बाजू: एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं क्लचच्या धन पिनेला. फरक ०.३ व्होल्ट. फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, कॉम्प्युटरचा होकार, सगळी साखळी एका मोजणीत निर्दोष सुटली. मग परतीची बाजू: एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं क्लचच्या काळ्या वायरीच्या पिनेला. चांगल्या अर्थला इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसावा. दिसले जवळजवळ २ व्होल्ट.

वीज येत होती, पण परत जाताना अडखळत होती. जाण्याच्या वाटेकडे सगळे बघतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. फ्यूज तपासतात, अर्थचा बोल्ट नाही.

काळी वायर मडगार्डच्या आतल्या बाजूला एका बोल्टखाली दाबलेली होती. तो सोडल्यावर वायरीच्या टोकाला असलेल्या थिंबलच्या तांब्यावर हिरवट थर. पितळेच्या कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तोच हा कळंक. क्लचच्या कॉइलचं रेझिस्टन्स त्यांनी इंजिन निवल्यावर मोजलं: ३.६ ओहम, म्हणजे कॉइल ठणठणीत. साधारण ३ ते ५ ओहम असावं. शून्याजवळ आलं तर कॉइल आतून शॉर्ट, ती फ्यूज उडवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा कॉम्प्रेसरवरचा उष्णतेचा कटआऊट गेला.

पण मग सकाळी, संध्याकाळी चालतं कसं? कळंक तर चोवीस तास तिथेच होता. याचं उत्तर मी घरी येऊन कागदावर मांडलं, कारण नुसतं ‘गरम झाल्यावर होतं असं’ यावर माझं समाधान होईना.

तांबं तापलं की त्याचं रेझिस्टन्स वाढतं, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल बॉनेटखाली १०० अंशांवर गेली की साधारण ४.७ ओहम होते. गेओर्ग ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम सांगतो: करंट म्हणजे व्होल्ट भागिले ओहम. थंड कॉइल आणि चांगला अर्थ असेल तर १३.८ भागिले ३.६, म्हणजे ३.८ अँपिअर. तापलेली कॉइल आणि चांगला अर्थ: २.९. तापलेली कॉइल आणि त्यात कळकलेल्या बोल्टचे ०.८ ओहम धरले तर २.५. आकड्यात फरक लहान दिसतो. पण चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पहिल्या ओढीला १०० धरलं तर दुसरी येते ५९ आणि तिसरी ४३. थंड कॉइल आणि खराब अर्थ असा सकाळचा हिशेब केला तर ६७. म्हणजे चकती ओढायला समजा पन्नासची ताकद लागत असेल, तर सकाळी खराब अर्थसकट काम भागतं, दुपारी चांगल्या अर्थसकट भागतं. पण दुपार आणि खराब अर्थ एकत्र आले की नाही. दोन्ही दोष सुटे-सुटे निभावून जात होते.

आणि रस्त्याच्या मध्येच का, तेही यातच आलं. चकती एकदा चिकटली की तिच्यातलं आणि पुलीतलं अंतर शून्य होतं, आणि शून्य अंतरावर धरून ठेवायला चुंबकाला फार ताकद लागत नाही. फ्रिजच्या दाराला लावलेलं चुंबक चिकटलेलं राहतं, पण बोटभर अंतरावरून उडी मारत नाही. बारामतीहून निघताना कॉइल गार, त्यामुळे चकती चिकटायची. काटेवाडी, भवानीनगर करत करत गाडीतली हवा गार व्हायची, कूलिंग कॉइल गोठण्याच्या जवळ यायची, सेन्सर कॉम्प्रेसर सोडून द्यायचा. हे सोडणं बरोबरच होतं. पण थोड्या वेळाने पुन्हा हुकूम आला की तोवर तापलेली क्लचची कॉइल चकतीला ओढू शकायची नाही. सुटला की चिकटत नाही! वायरमननी प्रश्नोत्तरांतच सांगितलेलं वाक्य मला आकडेमोड करून दुसऱ्या दिवशी कळलं.

अंतर त्यांनी मोजलंच. फिलर गेजच्या पात्या चकतीमागे सारून बघितलं तर ०.८ मिलिमीटर. गाडीगाडीप्रमाणे ते साधारण ०.३ ते ०.६ असतं, वर्षानुवर्षं चिकटून-सुटून घासत गेलं की वाढतं. मधला बोल्ट काढून आतली एक पातळ चकती, शिम, काढून टाकली की अंतर कमी होतं. तेवढं केलं. अर्थचा बोल्ट सँडपेपरने पांढरा होईपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून बसवलं, वरून व्हॅसलीनचा हात. परतीचा फरक पुन्हा मोजला: ०.०८ व्होल्ट.

काही जण अडलेली चकती चालू इंजिनमध्ये काठीने ढकलून बघतात. चिकटली तर अंतर वाढलंय असं निदान. निदान खरं आहे, पण फिरत्या पट्ट्यात काठी, बाही आणि बोटं यांचा क्रम फार लवकर लागतो. फिलर गेज आणि बंद इंजिन यांनी तेच कळतं. तसंच प्रेशर स्विचची दोन टोकं वायरीने जोडून एसी ‘चालू करून देण्याची’ पद्धत. क्षणभर तपासायला कुशल माणूस करतो, पण तशीच गाडी सोडून दिली तर गॅस गळून गेल्यावरही कॉम्प्रेसर फिरत राहतो. त्याचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि मग खरोखरच कॉम्प्रेसर बदलावा लागतो.

माझ्या गाडीत फ्यूज आणि रिले निर्दोष होते म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहिलं नाही. रिलेची सोपी परीक्षा म्हणजे त्याच नंबरचा हॉर्नचा रिले आणि एसीचा रिले यांची अदलाबदल करणे. एसी चालला आणि हॉर्न मुका झाला, तर रिलेच गेला. फ्यूज मात्र एकदा उडाला तर बदला, दुसऱ्यांदा उडाला तर कारण शोधा; १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. आमच्या भागात फ्यूज उडण्याचं एक कारण पुस्तकात सापडणार नाही. ऊस तुटला की रानातले उंदीर बेघर होतात, आणि बांधावर उभी केलेली गाडी, तिचं गरम इंजिन, त्यांना बरं वाटतं. कातरलेली वायर बॉडीजवळ असली की खड्ड्यात गाडी आदळली तरच ती टेकते आणि शॉर्ट होते. असा फ्यूज फक्त एका विशिष्ट वळणावर उडतो आणि मालकाला त्या वळणावर भूत वाटायला लागतं.

हे सगळं क्लचवाल्या कॉम्प्रेसरचं झालं. बऱ्याच नव्या गाड्यांत चकती चिकटणं-सुटणं हा प्रकारच नाही. तिथे कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला एक विजेचा व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे टिक् ऐकायला उभं राहून उपयोग नाही; स्कॅनर लावून कॉम्प्युटरला सेन्सरचे आकडेच विचारावे लागतात. विजेवरच्या गाड्यांत तर कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. त्याच्या वायरी नारिंगी असतात, आणि नारिंगी वायर दिसली की खिशातला बल्ब खिशातच ठेवायचा.

ट्रकचं मात्र वेगळंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण, पळसदेव, लोणी देवकर या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रक धावतात आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्या त्यात भर घालतात. आजवर या चालकांचा एसी म्हणजे उघडी खिडकी आणि ओला टॉवेल. आता त्यांच्याही वाट्याला हे दुखणं येईल. वायरमनना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “ट्रकला चोवीस व्होल्ट असतात. खराब अर्थ तिथं एवढा लवकर आडवा येत नाय.” घरी येऊन तेही मांडून बघितलं. चोवीसच्या कॉइलचं रेझिस्टन्स साधारण चौपट असतं. तिच्यापुढे तेच ०.८ ओहम म्हणजे पाच-सहा टक्के, माझ्या गाडीत ते थंड कॉइलच्या बावीस टक्के होते. शाळेत जाऊन शिकलेल्यांना कागद लागतो, त्यांना लागला नाही.

बिल झालं एका थिंबलचं, फूटभर वायरीचं आणि दोन तासांच्या मजुरीचं. आधी भरलेल्या गॅसच्या निम्म्याहून कमी. निघताना त्यांनी कंडेन्सरच्या जाळीत बोट घालून माझ्यापुढे धरलं. बोटावर काळपट वळ, कारखान्याची काजळी आणि पाचटाची राख.

“हे पाण्यानं धुऊन घ्या, पण प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पाती वाकतात. आणि उद्या दुपारी जाणार असाल तर बेलवाडीला रेडिओ जरा बंद करा.”

दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या अलीकडे रेडिओ बंद केला. कॉम्प्रेसर सुटला, इंजिनाचा आवाज किंचित हलका झाला. अर्ध्या मिनिटाने बॉनेटखालून टिक् ऐकू आलं.